निळ्या बाळांच्या रक्ताची वाट : डॉ. हेलन टॉसिग

हृदयातील जन्मजात दोषावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि मूल घरी आले, की आईवडिलांच्या लेखी तो विषय बहुधा संपतो. देवाला नारळ फोडला जातो, नातेवाइकांना कळवले जाते. डॉक्टरांच्या लेखी मात्र तेथून एक निराळाच विषय सुरू होतो. शस्त्रक्रियेने रक्ताला जी नवी वाट काढून दिली, तिच्यातून रक्त किती वाहते, कोणत्या दाबाने वाहते, मूल वाढले की ती वाट पुरते का, आणि तिचा भार हृदय किती वर्षे सोसते, हे सारे नंतरच्या काळातच कळायचे असते. हे प्रश्न प्रथम विचारणाऱ्यांत आणि चार दशके त्यांचा पाठपुरावा करणाऱ्यांत डॉ. हेलन ब्रुक टॉसिग यांचे नाव अग्रभागी आहे. बालहृदयरोगशास्त्राची शाखा त्यांनी उभी केली, असे मानले जाते. त्यांच्या हाती स्वतः कधी शस्त्रक्रियेची सुरी नव्हती, ही गोष्ट या चरित्रात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

हेलन यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे झाला. वडील फ्रँक टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठातील नामांकित अर्थशास्त्रज्ञ. आई एडिथ या रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी. चार भावंडांत हेलन सर्वांत धाकट्या. त्या अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली आणि पुढे त्यांनाही त्याच रोगाने काही काळ गाठले. शाळेत आणखी एक अडचण होती. अक्षरे त्यांना नीट वाचता येत नसत. आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात तो हा प्रकार. त्या काळी त्याला नाव नव्हते आणि अशा मुलांवर मठ्ठपणाचा शिक्का बसत असे. वडिलांनी मात्र मुलीला स्वतः शेजारी बसवून चिकाटीने वाचायला शिकवले. जगभर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाचा सर्वांत मोलाचा वर्ग घरच्याच टेबलावर भरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

रॅडक्लिफमध्ये दोन वर्षे काढून त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत गेल्या आणि १९२१ साली पदवीधर झाल्या. वैद्यक शिकण्याचे मनात होते, पण हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना प्रवेश देत नव्हते. ते दार उघडायला १९४५ साल उजाडावे लागले. तेथील सार्वजनिक आरोग्य शाखेत चौकशी करता, स्त्रियांनी शिकायला हरकत नाही, पदवी मात्र मिळणार नाही, असे उत्तर आले. पदवीशिवाय शिक्षण घेण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. ऊतकशास्त्राच्या एका वर्गात खास परवानगीने बसता आले, तेही पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर, कोपऱ्यात. मग त्या बॉस्टन विद्यापीठात शरीररचना शिकू लागल्या. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी बैलाच्या हृदयाचा अभ्यास करण्यास सांगितले. हृदयाच्या स्नायूच्या पट्ट्या शरीराबाहेर काढल्यावरही स्वतःहून तालात आकुंचन पावतात का, हे पाहण्याचे ते काम होते. हेलन यांचे हृदयाशी जुळलेले नाते तेथून सुरू होते. पूर्ण वैद्यकीय शिक्षणासाठी जॉन्स हॉपकिन्सला जाण्याचा सल्लाही बेग यांचाच.

बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय १८९३ साली सुरू झाले ते स्त्रियांनी जमवलेल्या देणगीच्या बळावर. पुरुषांच्या बरोबरीने आणि त्याच अटींवर स्त्रियांनाही प्रवेश मिळाला पाहिजे, अशी अट देणगीदार स्त्रियांनी घातली होती. ही अट नसती तर पुढची कथा घडली नसती. १९२७ साली हेलन तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. प्रौढांच्या वैद्यक विभागात उमेदवारी करण्याची त्यांची इच्छा होती, पण त्या विभागात स्त्रीसाठी एकच जागा होती आणि ती दुसऱ्या विद्यार्थिनीला मिळाली. त्या बालरोग विभागाकडे वळल्या. विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी १९३० साली हॅरिएट लेन होम या मुलांच्या रुग्णालयातील हृदयरोग विभाग त्यांच्या हाती सोपवला.

त्या काळी मुलांचा हृदयरोग म्हणजे मुख्यतः संधिवाताच्या तापाने झडपा खराब होणे. जन्मतःच सदोष हृदय घेऊन आलेल्या मुलांसाठी करण्यासारखे काहीच नसल्याने अशा रुग्णांत कोणालाच फारसा रस नव्हता. पार्क यांनी मात्र टॉसिग यांना या मुलांचाही अभ्यास करायला लावले. आरंभी ही कामगिरी त्यांना फारशी रुचली नव्हती. पण रोज समोर येणाऱ्या त्या बालकांनी त्यांना हळूहळू बांधून घेतले.

याच सुमारास एक संकट ओढवले. वयाच्या तिशीच्या आसपास त्यांची श्रवणशक्ती झपाट्याने कमी होऊ लागली. हृदयरोगाच्या डॉक्टरला ऐकू न येणे म्हणजे सोनाराची नजर जाण्यासारखे. त्यांनी कानाला यंत्र लावले, आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप वापरून पाहिला, ओठांच्या हालचाली वाचायला त्या शिकल्या. पण त्यांचा खरा आधार ठरले ते त्यांचे हात. मुलाच्या छातीवर तळवा ठेवून हृदयाचे ठोके, त्यांचा जोर, रक्त अडथळ्यातून जाताना होणारी थरथर त्या बोटांनी टिपू लागल्या. जोडीला फ्लुओरोस्कोप होता. क्ष-किरणांच्या पडद्यासमोर मुलाला निरनिराळ्या कोनांतून वळवून त्या धडधडत्या हृदयाची सावली पाहत. कोणता कप्पा फुगला आहे, फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीची कड नेहमीच्या जागी दिसते की नाही, फुफ्फुसे रक्ताने भरलेली दिसतात की कोरडी, अशा खुणांची त्या नोंद ठेवत. मूल दगावले तर शवविच्छेदनात आपला अंदाज ताडून पाहत. मॉन्ट्रियलच्या डॉ. मॉड ॲबट यांनी हजार सदोष हृदयांचा अभ्यास करून १९३६ साली जन्मजात हृदयदोषांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. तोही त्यांच्या हाताशी होता. ॲबट यांनी मृत हृदयांचे वर्गीकरण केले होते. टॉसिग यांना तेच दोष जिवंत मुलांत ओळखायचे होते.

‘निळी बाळे’ या नावाने ओळखली जाणारी मुले त्यांच्याकडे मोठ्या संख्येने येत. ओठ, नखे, जीभ निळसर. बोटांची टोके फुगीर. दोन पावले धावली की धाप. थकली की ती उकिडवी बसत. ही सवय कोणी शिकवलेली नसे. गुडघे दुमडले की पायांकडे जाणारे रक्त अडते, शरीराच्या बाजूचा अवरोध वाढतो आणि थोडे अधिक रक्त फुफ्फुसांकडे ढकलले जाते. मुलांच्या शरीराने रक्तप्रवाहाचे गणित स्वतःपुरते सोडवलेले असे.

यातील बहुतेकांचा दोष होता फॅलो यांचे चतुष्क. मार्सेलचे डॉक्टर एतिएन फॅलो यांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले होते. निरोगी हृदयात उजव्या बाजूचे अशुद्ध रक्त फुफ्फुसांत जाते आणि प्राणवायू घेऊन डाव्या बाजूने शरीरभर फिरते. या दोषात फुफ्फुसांकडे जाणारा मार्ग अरुंद असतो, खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असते, महाधमनी त्या छिद्रावर सरकून बसलेली असते आणि जादा श्रमाने उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. पुढे वाट अरुंद, बाजूला छिद्र मोकळे. मग अशुद्ध रक्त छिद्रातून थेट महाधमनीत शिरते. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी अधिकाधिक तयार करते. त्याने रक्त दाट होते, दाट रक्त संथ वाहते आणि कुठेतरी गुठळी होऊन मेंदूला झटका येण्याची भीती राहते. कित्येक मुले दोन-चार वर्षांतच जात. वयात येईपर्यंत टिकणारी थोडी.

या मुलांचे मरण हृदयाच्या थकण्याने ओढवते, असा तेव्हाचा समज होता. टॉसिग यांना वेगळेच दिसले. ही मुले प्राणवायूवाचून जातात आणि फुफ्फुसांत रक्त पोहोचतच नाही हे त्याचे मूळ आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. ते आले एका बारीकशा नोंदीतून. गर्भात असताना महाधमनी आणि फुफ्फुस धमनी यांना जोडणारी एक लहानशी नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. काही निळी बाळे जन्मानंतर बरी असत आणि ही नळी मिटू लागली की एकाएकी खालावत. ज्यांची नळी उघडी राहिली होती ती तुलनेने बरी राहत. निरोगी मुलात जी उघडी राहिल्यास दोष ठरते, तीच नळी या मुलांचा जीव राखत होती. मग ती मिटल्यावर नवी नळी माणसाला करून देता येणार नाही का?

बॉस्टनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये अशी उघडी राहिलेली नळी बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. जो बंद करू शकतो तो तयारही करू शकेल, या आशेने टॉसिग त्यांच्याकडे गेल्या. ग्रॉस यांनी उत्सुकता दाखवली नाही. नळ्या मिटवण्याचे तंत्र नुकतेच हाती आलेल्या माणसाला नव्या नळ्या करायला सांगणे त्यांना विचित्र वाटले असावे. टॉसिग रिकाम्या हाताने परतल्या.

१९४१ साली आल्फ्रेड ब्लॅलॉक हे जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यविभागाचे प्रमुख म्हणून आले. येताना त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतील साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनाही आणले. थॉमस कृष्णवर्णीय, नॅशव्हिल येथे वाढलेले, सुतारकाम शिकलेले. १९३० साली ते ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि डॉक्टर होण्यासाठी साठवलेली पुंजी महामंदीत बँक बुडाल्याने गेली. काम संशोधकाचे, पण पगारपत्रकावर हुद्दा सफाई कामगाराचा. या दोघांनी नॅशव्हिलला असताना कुत्र्यांच्या हाताकडील धमनी फुफ्फुस धमनीला जोडून पाहिली होती. फुफ्फुसांतील दाब वाढतो का, हे त्यांना पाहायचे होते. दाब अपेक्षेइतका वाढला नाही आणि प्रयोग बाजूला पडला. टॉसिग यांनी आपली कल्पना या दोघांपुढे मांडली तेव्हा त्या फसलेल्या प्रयोगातच उत्तर दडलेले निघाले. फुफ्फुसे तो जादा प्रवाह सोसू शकतात, एवढे त्यातून आधीच सिद्ध झाले होते.

पुढची जवळजवळ दोन वर्षे थॉमस यांची. निरोगी कुत्र्यात निळेपणा निर्माण करायचा आणि मग धमनी जोडून तो दूर करायचा, असा दुहेरी उद्योग त्यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर केला. लहान मुलाच्या काडीएवढ्या धमन्यांना पुरेशा बारीक सुया मिळत नव्हत्या, त्या त्यांनी स्वतः घडवून घेतल्या. टाके कसे घालावेत, धमनी किती वेळ चिमटीत धरावी, हे सारे त्यांनी बसवले. ब्लॅलॉक यांनी स्वतः ही जोडणी प्रयोगशाळेत फारच थोड्या वेळा केली होती.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीला शस्त्रक्रियागृहात नेण्यात आले. तिचे वजन जेमतेम चार किलो होते. ब्लॅलॉक यांच्या मागे पायरीच्या स्टुलावर थॉमस उभे राहिले आणि खांद्यावरून पाहत एकेका टाक्याची दिशा सांगत गेले. हातांनी काम करणारा विभागप्रमुख, सूचना देणारा त्याचा बिनपदवीचा कृष्णवर्णीय साहाय्यक, आणि ज्यांच्या कल्पनेवर हे चालले होते त्या टॉसिग जवळच. डाव्या हाताकडे जाणारी धमनी कापून तिचे टोक डाव्या फुफ्फुस धमनीच्या बाजूला शिवण्यात आले. शरीराकडे निघालेल्या रक्तातील काही हिस्सा आता फुफ्फुसांकडे वळणार होता. मुलगी वाचली. सुधारणा सावकाश झाली, पण झाली. दोन महिन्यांनी ती घरी गेली. मात्र काही महिन्यांतच तिचा निळेपणा परतला. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर ती दगावली. जोडलेली वाट टिकते का आणि पुरते का, हा प्रश्न पहिल्याच रुग्णाने असा समोर ठेवला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे सोडताच शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्याचे ओठ गुलाबी झाले, हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात पुनःपुन्हा सांगितला गेला आहे. मे १९४५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या तीन रुग्णांचा वृत्तांत ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात थॉमस यांचे नाव नव्हते. शस्त्रक्रियेलाही या दोघांचेच नाव मिळाले. जगभरातून निळी मुले बाल्टिमोरला येऊ लागली. १९४७ साली दोघांनी लंडन आणि पॅरिस येथे जाऊन तेथील डॉक्टरांना हे तंत्र दाखवले आणि काही वर्षांतच एकट्या हॉपकिन्समधील शस्त्रक्रियांची संख्या हजारावर गेली.

येथून टॉसिग यांचे खरे, आणि फारसे न सांगितले गेलेले, काम सुरू होते. शस्त्रक्रियेने हृदयातील चारपैकी एकही दोष दुरुस्त झालेला नव्हता. छिद्र तसेच, अरुंद वाट तशीच. केवळ हृदयाबाहेर एक आडवाट काढली होती. त्या आडवाटेने किती रक्त जावे, यावर सारे अवलंबून होते. महाधमनीतील दाब फुफ्फुस धमनीतील दाबापेक्षा सदैव अधिक असतो. त्यामुळे हृदय आकुंचन पावताना आणि सैल पडताना, दोन्ही वेळा जोडणीतून रक्त वाहत राहते. छातीवर अखंड घरघर ऐकू येते आणि कित्येकदा ती हाताला जाणवते. ही घरघर थांबली तर जोडणी बुजली असे समजावे. ज्या डॉक्टरांना कान साथ देत नव्हते, त्यांच्या तळव्याला ही थरथर कळत होती, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

प्रवाह किती, हे आता आकड्यांतही मोजता येऊ लागले होते. हॉपकिन्समध्ये रिचर्ड बिंग यांनी याच मुलांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, प्रत्येक कप्प्यातील दाब मोजायचा आणि रक्ताचे नमुने घ्यायचे. फुफ्फुसांत शिरणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या रक्तातील प्राणवायूत किती फरक आहे व शरीर मिनिटाला किती प्राणवायू घेते, हे कळले की फुफ्फुसांतून मिनिटाला किती रक्त गेले याचा हिशेब निघतो. आडोल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेले हे तत्त्व आता बालकांच्या कामी आले. यातूनच १९४९ साली एका अत्यंत दुर्मिळ दोषाचे वर्णन पुढे आले आणि तो टॉसिग-बिंग या जोडनावाने ओळखला जाऊ लागला.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसणारा बदल सुखावणारा असे. प्राणवायूचे प्रमाण वाढे, शरीराला जादा तांबड्या पेशींची गरज उरत नसे, दाट झालेले रक्त पातळ होऊ लागे. उकिडवे बसणारे मूल जिना चढू लागे. जोडणीच्या बाजूच्या मनगटाची नाडी मात्र लागत नसे, कारण तिकडची धमनीच दुसऱ्या कामाला लावलेली असे. हाताला आजूबाजूच्या लहान धमन्या रक्त पुरवत. अशा माणसाचा रक्तदाब आयुष्यभर दुसऱ्या हातावर मोजावा लागतो.

पण प्रवाह जास्त झाला तर? पातळ द्रव नळीतून वाहताना त्याचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते, असे फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले होते. जिवंत धमनीला हा नियम ढोबळमानानेच लागू पडतो, तरी त्याचा इशारा खरा आहे. तोंड दुप्पट रुंद झाले तर प्रवाह सोळापट होण्याचा धोका असतो. गोव्यातील खाजन शेती पाहिलेल्यांना हे समजायला कठीण नाही. मानशीचे दार प्रमाणाबाहेर उघडे राहिले तर खारे पाणी शिरून पीक जाते. बंदच राहिले तर आतले पाणी तुंबते. जोडणी लहान राहिली तर मूल निळेच राहते. ती मोठी झाली तर फुफ्फुसे रक्ताने भरून जातात, डाव्या बाजूवर भार पडून हृदय थकते, आणि वर्षानुवर्षे जादा दाब सोसलेल्या फुफ्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात. तसे झाल्यावर मागे फिरता येत नाही. हाताकडील धमनी वापरण्याचा फायदा असा, की तिचा आकार निसर्गतःच मर्यादित असतो आणि ती मुलाबरोबर थोडीफार वाढते. शिकागोचे विलिस पॉट्स यांनी १९४६ साली महाधमनी थेट फुफ्फुस धमनीला जोडण्याची पद्धत आणली. ती तान्ह्या बाळांत सोपी पडे, पण तोंडाचा आकार आवरणे कठीण जाई, आणि जादा प्रवाहाचे दुष्परिणाम तिच्यात पुढे अधिक दिसून आले.

म्हणूनच कोणावर शस्त्रक्रिया करू नये, याबाबत टॉसिग कठोर असत. निळे दिसणारे प्रत्येक मूल या जोडणीस पात्र नसते. काहींच्या फुफ्फुसांत आधीच रक्त आणि दाब जास्त असतो, त्यांना आणखी रक्त देणे म्हणजे मरण जवळ आणणे. हा भेद पडद्यावरच्या सावलीतून ओळखण्याची त्यांची हातोटी पुढच्या पिढीने त्यांच्याकडून घेतली. १९४७ साली प्रसिद्ध झालेला हृदयाच्या जन्मजात विकृतींवरील त्यांचा ग्रंथ या शाखेचा पहिला मोठा पाठ्यग्रंथ ठरला.

रुग्ण घरी गेला तरी त्यांच्या वहीतून जात नसे. त्यांनी लग्न केले नाही. घर, बाग, समुद्रकाठचे उन्हाळी घर आणि हे रुग्ण असा त्यांचा संसार होता. जुन्या रुग्णांची पत्रे येत, त्यांना उत्तरे जात, वर्षा-दोन वर्षांनी तपासण्या होत. कोणी महाविद्यालयात गेले, कोणी नोकरीला लागले, काही मुली आई झाल्या. कोणाची जोडणी वाढत्या वयाला अपुरी पडून पुन्हा निळेपणा आला, कोणाला दुसरी शस्त्रक्रिया लागली, कोणी गेले. या साऱ्याच्या नोंदी त्यांनी लेखांच्या मालिकेतून मांडल्या. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात चतुष्काच्या रुग्णांची शस्त्रक्रियेनंतरची २० ते २८ वर्षांची वाटचाल आहे. तेव्हा त्या निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती आणि वय सत्त्याहत्तर होते. नवी शस्त्रक्रिया शोधणाऱ्याचे नाव होते. तिचे अठ्ठावीस वर्षांनी काय झाले हे पाहणाऱ्याच्या वाट्याला तेवढे नाव येत नाही. एवढा धीर असणारी माणसेही थोडीच.

दरम्यान हृदय उघडून आतील दोषच दुरुस्त करण्याचे युग आले होते. १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी दुसऱ्या माणसाच्या रक्ताभिसरणाच्या आधाराने चतुष्काची संपूर्ण दुरुस्ती केली. पुढे हृदय-फुफ्फुस यंत्र सर्रास आले. छिद्र बुजवले, अरुंद वाट रुंद केली, म्हणजे प्रश्न मिटला असे वाटण्याचा तो काळ होता. तेथेही प्रवाहाने आपला हिशेब मागे ठेवलाच. वाट रुंद करताना फुफ्फुस धमनीची झडप बऱ्याचदा निकामी होते. पुढे गेलेले रक्त प्रत्येक ठोक्याला थोडे मागे गळते. मुलाला ते वर्षानुवर्षे जाणवत नाही, पण उजवा कप्पा सावकाश फुगत जातो आणि विशी-तिशीत ठोक्यांची लय बिघडू शकते. अशांपैकी अनेकांना पुढे नवी झडप बसवावी लागते. लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या माणसांसाठी आज स्वतंत्र तपासणी विभाग आहेत ते यामुळे. जुनी जोडणीही पूर्णपणे मागे पडलेली नाही. अतिशय लहान किंवा गुंतागुंतीच्या दोषाच्या बाळांना मोठी शस्त्रक्रिया सोसेपर्यंत आधार म्हणून ती आजही करतात. आता धमनी न कापता साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी मध्ये शिवली जाते. बाळाच्या वजनाप्रमाणे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही तोलून पाहावा लागतो.

भारताशी टॉसिग यांचा धागा जुळला तो डॉ. पद्मावती यांच्यामुळे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या या डॉक्टरांनी हॉपकिन्समध्ये टॉसिग यांच्या हाताखाली शिक्षण घेतले, त्यानंतर हार्वर्डमध्ये पॉल डडली व्हाइट यांच्याकडे काम केले आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात येऊन देशातील हृदयरोगशास्त्राची पायाभरणी केली. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे आठ ते दहा बाळांत हृदयाचा काही ना काही दोष असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषांची तपासणी अंतर्भूत आहे. ओठ निळे पडणे, दूध पिताना धाप लागणे, धावल्यावर उकिडवे बसणे या लक्षणांकडे अंगणवाडीत किंवा शाळेत कोणाचे लक्ष गेले, तर आज पुढची वाट आहे. नियमित तपासणीसाठी परत येण्याचे मात्र अजूनही अनेक कुटुंबांना अगत्य वाटत नाही. मूल हसतेखेळते असले की तारीख टळते.

टॉसिग यांच्या आयुष्यातील दुसरा मोठा अध्याय थॅलिडोमाइडचा. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९६२ च्या आरंभी एका जुन्या जर्मन विद्यार्थ्याकडून त्यांना कळले, की तिकडे हातपाय नसलेली बाळे मोठ्या संख्येने जन्माला येत आहेत आणि त्याचा संबंध एका झोपेच्या गोळीशी असावा. त्या तडक जर्मनीला गेल्या, मुले पाहिली आणि परतून अमेरिकेतील डॉक्टरांना व लोकप्रतिनिधींना सावध केले. औषध नियंत्रण खात्यातील फ्रान्सिस केल्सी यांनी त्या गोळीची परवानगी आधीच रोखून धरली होती. त्याच वर्षी अमेरिकेत औषधांचा कायदा कडक झाला.

मानसन्मान उशिरा आले. पूर्ण प्राध्यापकपद १९५९ साली मिळाले, तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. १९६४ साली राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक आणि १९६५ साली अमेरिकन हृदयरोग संघटनेचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ब्लॅलॉक यांना १९४५ सालीच सदस्य करून घेतले होते, टॉसिग यांना मात्र १९७३ साली. थॉमस यांना तर त्याहून अधिक वाट पाहावी लागली. त्यांचे तैलचित्र हॉपकिन्समध्ये १९७१ साली लागले आणि मानद डॉक्टरेट १९७६ साली मिळाली. अनेक नामवंत शल्यचिकित्सक त्यांच्या हाताखाली टाके घालायला शिकले होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. अलीकडे त्या जोडणीला ब्लॅलॉक-टॉसिग-थॉमस असे तिघांचेही नाव देण्याची पद्धत रूढ होत आहे.

१९६३ साली निवृत्त झाल्यावरही टॉसिग यांनी चाळीसएक शोधनिबंध लिहिले. अखेरच्या वर्षांत त्या पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथे राहत आणि पक्ष्यांच्या हृदयांचा अभ्यास करत. जन्मजात दोष इतर प्राण्यांतही त्याच प्रकारचे आढळतात का, आणि त्यांचे मूळ उत्क्रांतीत कोठे आहे, हे त्यांना शोधायचे होते. २० मे १९८६ रोजी स्थानिक निवडणुकीचे मतदान होते. काही स्नेह्यांना मतदानासाठी त्या स्वतः मोटार चालवत घेऊन गेल्या होत्या. तेथून निघताना दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन त्यांचा मृत्यू झाला. चार दिवसांनी त्यांना अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. पक्ष्यांच्या हृदयांवरील काम तेव्हा चालूच होते.